चांदीच्या दोन तारा आणि विहिरीतलं मीठ

मागच्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याचे वडील शीतपेयाच्या बाटलीत विहिरीचं पाणी भरून थेट आमच्या प्रयोगशाळेत आले. त्यांना नव्यानं लिंबाची बाग लावायची होती. मी सवयीनं विचारलं, "काका, चाखून बघितलं का?"

"खारं हाय थे त मले जिभेनंच समजते, मॅडम. किती खारं, थे सांगा."

मी अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती, बुलडाणा असा जो खारपाणपट्टा पसरलाय, त्याच्या काठावरच आमचं गाव. इथं पाण्याची चव हा रोजच्या बोलण्यातला विषय. पण काकांचा प्रश्न ऐकला आणि मी टेबलावरचं टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेलं एकूण किती ते सांगणारं पेन उचलता उचलता थांबले. ते पेन पाण्यात बुडवलं की आकडा येतो, दोन-तीनशे रुपयांत मिळतं, सगळं खरं. पण ते पाण्यातला चुना, मीठ, सोडा सगळं एकाच पोत्यात भरून वजन सांगतं. माझ्याकडे दोन विहिरींचं पाणी होतं, दोन्हींवर पेन अकराशेच्या आसपास आकडा दाखवत होतं. एकीत क्लोराइड, म्हणजे मिठाचा मुख्य घटक, लिटरला १२० मिलिग्रॅम निघालं, दुसरीत ४३०. पहिलीच्या पाण्यात नुसती डाळ शिजत नाही, दुसरीच्या पाण्यावर लिंबाची पानं कडेनं करपतात.

म्हणून फक्त क्लोराइडच ओळखणारं काहीतरी हवं होतं. ते काम चांदीच्या दोन तारा करतात. ते घरच्या घरी, सोनाराच्या, किराणाच्या आणि कृषी सेवा केंद्राच्या सामानातून कसं करायचं, ते सांगते. आमच्या पोरांनी ते पाच-सहा वेळा केलंय, दोनदा फसलंय.

तार

सोनाराकडे जा आणि चोख चांदीची एक मिलिमीटर जाडीची तार मागा. दहा-दहा सेंटिमीटरचे दोन तुकडे. एकेकाचं वजन पाऊण ग्रॅमच्या थोडं वर भरतं, दोन्ही मिळून सुमारे १.६५ ग्रॅम. भाव रोज हलतो, तो त्या दिवशीचा बघा. आमच्या सोनारानं पट्टीच्या भोकातून तार ओढता ओढता विचारलं, "जोडव्याला का?" विहिरीच्या पाण्यात बुडवायला म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि मजुरी घेतली नाही.

जुनं पैंजण मोडून तार करू नका. दागिन्याच्या चांदीत तांबं असतं, सांधे जोडायचा डागही असतो, आणि मग आकडा एका जागी ठरत नाही. एका मुलीनं मिठाईवरचा वर्ख पेन्सिलीच्या शिशावर चिकटवून बघितला होता. कल्पना मला फार आवडली, पण वर्ख इतका पातळ की ब्लीचमध्ये घातल्यावर खाली चांदी उरलीच नाही.

तार बारीक पॉलिशपेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, साबणानं धुवा, बोटं लावू नका. आता कपड्यांचं द्रवरूप ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, काचेच्या छोट्या बाटलीत तीन सेंटिमीटर ओता आणि दोन्ही तारांची टोकं त्यात बुडवून ठेवा. वीस मिनिटं ते अर्धा तास. चांदीची चकाकी जाते, आधी राखाडी, मग जांभळट-करडी छटा येते, पिकल्या जांभळाला धूळ बसल्यासारखी. तोच सिल्व्हर क्लोराइडचा थर. अर्ध्या तासातही रंग आला नाही तर ब्लीच जुनं आहे, नवी बाटली आणा.

इथं एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड आपल्याकडे मोरीत एकाच फळीवर असतं. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो. हे काम खिडकीजवळ करा, हातमोजे घाला आणि ॲसिडची बाटली आधी दुसऱ्या खोलीत ठेवून या.

थर चढलेल्या तारा स्वच्छ पाण्यानं धुवा. बॉलपेनची रिकामी नळी कापून तार तिच्यातून अशी ओवा की खाली थराचा दोन सेंटिमीटर भाग बाहेर राहील आणि वर मल्टिमीटरच्या चिमट्यापुरती चांदी. नळीचं खालचं तोंड एम-सीलनं घट्ट बंद करा. पाणी नळीत शिरलं की खेळ संपला.

मग दोन्ही तारांची वरची टोकं एकमेकींना पिळून जोडा आणि खालची टोकं एकाच मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. ही पायरी पोरं हमखास गाळतात. दोन बहिणी भांडून रात्री एका अंथरुणावर झोपल्या की सकाळी बरोबरीनं बोलतात, तसं काहीसं होतं. दोघींच्या थरातला उरलासुरला फरक आपसातल्या विजेनं मिटून जातो. अंधारात ठेवा, सिल्व्हर क्लोराइड उजेडात काळवंडतं. सकाळी तारा सोडवून त्याच पाण्यात मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब मोजायचं यंत्र, लावा. फरक दोन मिलिव्होल्टच्या आत हवा. आमच्या चांगल्या जोडीत ०.४ येतो.

पूल

मोजणीत दोन पेले असतात. एकात ठरलेलं मिठाचं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं. दोन्हींत एकेक तार. पण पेले वेगळे असले की विजेची वाट तुटते, आणि पाणी मिसळलं तर मोजायला काही उरत नाही. म्हणून मधे पूल लागतो. त्यातून वीज जावी, पाणी जाऊ नये, आणि मुख्य म्हणजे त्यात क्लोराइड नसावं. मीठ घालून पूल केला तर आपण जे शोधतोय तेच पुलातून विहिरीच्या पाण्यात गळत राहील.

पुस्तकात इथं पोटॅशियम नायट्रेट लिहिलेलं असतं. आमच्या प्रयोगशाळेतली बाटली संपली होती, मागणी पाठवून तीन महिने झाले होते. एक पोरगं म्हणालं, "मॅडम, ते तर आमच्या ठिबकात सोडतात." बरोबर होतं त्याचं. कृषी सेवा केंद्रात १३:०:४५ नावानं जे विद्राव्य खत मिळतं, ते पोटॅशियम नायट्रेटच. मूठभर पुरतं, शेजारच्या शेतकऱ्याकडून मागून घ्या. फक्त पुड्यावरचे आकडे नीट वाचा. ०:०:६० आणलंत तर ते म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि पूल नासला. हे खत चुलीपासून, काडेपेटीपासून लांब ठेवा, ते जाळाला जोर देतं.

किराणा दुकानातलं चायना ग्रास तीन ग्रॅम, पाणी १०० मिली, खत दहा ग्रॅम. आधी चायना ग्रास पाण्यात ढवळत उकळून पूर्ण विरघळवा, मग खत घाला. गरम असतानाच इंजेक्शनच्या मोठ्या पिचकारीनं पारदर्शक नळीत भरा. आम्ही गवंड्याची लेव्हलची नळी वापरतो, वीतभर कापून घोड्याच्या नालेसारखी वाकवायची. भरताना बुडबुडा राहिला तर नळी रिकामी करून पुन्हा भरा. एवढासा बुडबुडा सगळी वाट अडवतो. पंधरा मिनिटांत आतला रस जेलीसारखा धरतो.

उरलेलं पातेलं मी फ्रिजमध्ये ठेवलं होतं. सासूबाईंनी झाकण उघडून विचारलं, "हे कुठल्या उपासाचं?" तेव्हापासून माझ्याकडे याचं पातेलं वेगळं आहे, त्यावर लाल रंगात फुली आहे. तुम्हीही तसंच करा.

वापर नसेल तेव्हा नळी त्याच खताच्या पाण्यात बुडवून ठेवायची. टोकं सुकली की आत आखडतात. आठवडा-दहा दिवसांनी नवी करते, सामान दोन रुपयांचंही नसतं.

ठरलेलं पाणी

साध्या मिठाच्या १.६५ ग्रॅममध्ये एक ग्रॅम क्लोराइड असतं. म्हणजे लिटरभर पाण्यात १.६५ ग्रॅम मीठ घातलं की १,००० मिलिग्रॅम क्लोराइडचं पाणी तयार. तारांचं वजनही तेवढंच होतं, हा निव्वळ योगायोग, पण पोरांच्या तो पक्का लक्षात राहतो.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर १.६५ ग्रॅम मोजता येत नाही. त्याची युक्ती अशी: ३३ ग्रॅम मीठ दोन लिटर पाण्यात विरघळवा, मग त्यातलं १०० मिली घेऊन एक लिटर करा. काटा अर्ध्या ग्रॅमनं चुकला तरी उत्तर दीड टक्क्यापलीकडे हलत नाही. मीठ नेहमीचं आयोडिनयुक्त चालतं. पावसाळ्यात ते दमट असतं, तव्यावर जरा गरम करून गार करून मग मोजा.

पाणी मात्र नळाचं नको, आरओचंही नको, त्यातही क्लोराइड उरलेलं असतं. पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं ते आणा. बॅटरीचं ॲसिड नव्हे, लेबल वाचा. आषाढात तासभर पाऊस झाल्यावर पत्र्यावरून न घेता उघड्या अंगणात पातेलं ठेवून धरलेलं पाणीही उत्तम चालतं.

हजाराचं पाणी मी मुद्दाम कायमचं ठरलेलं म्हणून निवडलंय. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची हवीशी मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर १,००० पर्यंत चालवून घेतात. एका पेल्यात हजार ठेवलं की मल्टिमीटरचा शून्य बरोबर त्या शेवटच्या रेषेवर बसतो.

मोजणी

पेले काचेचे किंवा प्लास्टिकचे घ्या, स्टीलचे नकोत. काळी वायर ठरलेल्या पाण्यातल्या तारेला, लाल विहिरीच्या पाण्यातल्या तारेला. पूल दोन्हीत बुडवा. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा स्वस्त पिवळा मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या खुणेवर ठेवा. पाणी एकदा हलकं ढवळा, दोन मिनिटं थांबा, आकडा स्थिरावला की लिहा.

आकडा अधिक आला तर विहीर हजारापेक्षा गोडी. उणे आला तर हजारापेक्षा खारट. म्हणजे आकडा जितका मोठा तितकं मीठ कमी. हा उलटा हिशेब डोक्यात बसायला एक दिवस जातो.

असं का, ते थोडक्यात. चांदीवरचा थर पाण्यातल्या क्लोराइडशी सतत देवघेव करत असतो. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर तार जास्त ऋण होते. दोन पेल्यांत क्लोराइड सारखं नसलं की दोन तारांत विजेचा दाब तयार होतो, आणि तो दाब प्रमाणाच्या लॉगॅरिदमवर चालतो. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलेलं समीकरण ते हेच. बारावीची मुलं ते दोन गुणांसाठी पाठ करतात आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात.

पुस्तकी हिशेबानं ३० अंशाला दहापट फरकासाठी ६० मिलिव्होल्ट यायला हवेत. हातात मात्र १०० आणि १,००० च्या पाण्यामध्ये ५७-५८ येतात. पोरं म्हणतात मॅडम चुकलं. चुकलेलं नसतं. दाट पाण्यात आयन, म्हणजे मिठाचे विजेचा भार असलेले कण, एकमेकांच्या पायात येतात, त्यामुळे हजारातले सगळे हजार कामाला लागत नाहीत. ५० च्या आसपास आला तर मात्र खरंच चुकलंय. थर उडालाय नाहीतर पुलाची टोकं सुकलीत.

म्हणून विहिरीला हात लावण्याआधी आपल्या तारांवर तीन पाणी मोजून घ्या. हजाराच्या पाण्याचा एक भाग आणि डिस्टिल्ड पाण्याचा एक, झालं ५००. एकास तीन, झालं २५०. एकास नऊ, १००. माझ्या तारांवर ५०० ला १७, २५० ला ३५ आणि १०० ला साडेसत्तावन्न येतात. सेमी-लॉगच्या, म्हणजे एका बाजूला लॉगॅरिदमच्या खुणा असलेल्या कागदावर हे बिंदू मांडले की सरळ रेघ मिळते, पुढची सगळी उत्तरं त्या रेघेवरून. कागद जवळ नसेल तर माझा बांधावरचा आडाखा असा: दर १७ मिलिव्होल्टला मीठ निम्मं. एक मिलिव्होल्ट चुकला तर उत्तर ४ टक्क्यांनी चुकतं, हेही लक्षात असू द्या. दशांशापुढचे आकडे लिहून ऐट करू नका.

मोजताना कमी खाऱ्याकडून जास्त खाऱ्याकडे जा, दर वेळी तार आणि पुलाचं टोक डिस्टिल्ड पाण्यानं विसळा, टिपकागदानं टिपा, पुसू नका. पुसलं की थर निघतो. आणि दोन्ही पेल्यांचं पाणी सारखंच गार असू द्या. बोअरमधून आत्ता काढलेलं आणि खिडकीत तापलेलं अशी जोडी लावली तर आकडा भलतीकडे जातो.

पहिल्याच दिवशी आमचा मल्टिमीटर डावीकडे नुसता १ दाखवून गप्प बसला. २०० च्या पुढे गेला की तो असंच करतो. पोरांनी सेल बदलला, वायरी बदलल्या, शेवटी नवा मल्टिमीटर मागवायची भाषा सुरू झाली. मी वाकून बघितलं तर पेला काठोकाठ भरलेला आणि चिमट्याचा दात पाण्याला टेकलेला. लोखंड पाण्यात शिरलं की ते स्वतःचाच दाब लावतं, मग चांदीचं कोण ऐकतो? पेला अर्धाच भरा.

पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर या तारा त्यात घालूच नका. गंधकानं थर काळा पडतो आणि मग तार मिठाशी बोलत नाही. विहिरीत कालच ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर नमुना दिवसभर उन्हात उघडा ठेवून मग मोजा. काळी पडलेली तार वाया जात नाही, पॉलिशपेपरनं घासून पुन्हा ब्लीचमध्ये घालायची. आमची पहिली जोडी चार वेळा घासून झाली, अजून तितकीच जाड दिसते.

पडताळा म्हणून आम्ही चौदा बाटल्यांचं पाणी सिल्व्हर नायट्रेटनंही मोजलं. रसायनशास्त्रज्ञ मोर यांची पद्धत, पिवळ्या पाण्यात विटकरी छटा आली की थांबायचं. बहुतेक बाटल्यांत दोन उत्तरांतला फरक दहा टक्क्यांच्या आत राहिला. दोन बाटल्या जास्त चुकल्या. त्यांपैकी एक वासाची होती, दुसरीचं कारण मला आजही सापडलेलं नाही.

काकांच्या बाटलीवर २६ आला, म्हणजे साधारण साडेतीनशे. नाजूक पिकांच्या बाबतीत ओलिताच्या पाण्यात क्लोराइड लिटरला १४० मिलिग्रॅमच्या वर गेलं की जपायचं आणि ३५० च्या वर गेलं की धोका, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा ठोकताळा आहे. लिंबू-संत्रं नाजूकांतलंच. मी त्यांना हेही सांगितलं की खारपाणात नुसतं क्लोराइड बघून भागत नाही. सोडियम माती चोपण करतं आणि ते या तारांना दिसत नाही, तेव्हा माती-पाण्याचा पूर्ण अहवाल काढल्याशिवाय खड्डे खणू नका.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे धोक्याच्या बांधावर हाय," म्हणाले, आणि बाटली तिथंच ठेवून गेले.

खड्डे त्यांनी अजून घेतलेले नाहीत. पण त्यांचा मुलगा तारांची एक जोडी घरी घेऊन गेला आणि दर रविवारी विहिरीचं पाणी मोजतो. त्याच्या वहीत जूनच्या शेवटी २५ आहे, जुलैच्या मध्याला ३१, पोळ्याच्या आठवड्यात ४४. त्यापुढच्या रविवारी आकडा नाही. "पूल सुकला" असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात.